सक्सिनिलकोलीन शोधायचंय? आधी सांगा, रक्त कशात काढलं?

स्कोलीन म्हणजेच सक्सिनिलकोलीन, ऑपरेशनच्या वेळी स्नायू ढिले करणारं औषध. ते कोणाला दिल्याचा संशय असलेली केस आली की आमच्या लॅबला पहिला फोन ठरलेला असतो, "मॅडम तुमच्याकडे याची टेस्ट होते का?" आणि माझा उलटा प्रश्नही ठरलेला, की रक्त कशात काढलं, किती वाजता काढलं आणि आत्ता ते कुठे ठेवलंय. समोरून बहुतेक वेळा उत्तर येतं, साध्या ट्यूबमध्ये, काल दुपारी, आणि आत्ता ट्रेमध्ये आहे. मग मशीन कितीही महागाचं असू दे, अर्धा खेळ तिथेच संपलेला असतो. म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण या औषधाच्या बाबतीत सगळे मशीनबद्दल विचारतात, ट्यूबबद्दल कोणी विचारत नाही.

आधी औषध इतकं पटकन जातं का ते बघू. सक्सिनिलकोलीन, म्हणजेच सक्सामेथोनियम, म्हणजे ढोबळमानाने ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू पाठीला पाठ लावून चिकटवलेले. दोन टोकांना दोन कोलीन, मध्ये सक्सिनिक ॲसिडचा पूल, आणि दोन्ही जोड एस्टरचे. रक्ताच्या प्लाझ्मात ब्युटिरिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम असतं, जुनी मंडळी त्याला स्यूडोकोलिनेस्टरेज म्हणतात, ते यातला पहिला जोड झटक्यात कापतं. अर्धं औषध जायला एक मिनिटही लागत नाही, म्हणूनच तर ॲनेस्थेशियावाल्यांना ते आवडतं, मिनिटभरात पेशंट ढिला आणि साधारण पाच ते दहा मिनिटांत स्नायू परत कामाला. पहिला जोड कापला की उरतं सक्सिनिलमोनोकोलीन, यापुढे त्याला एसएमसी म्हणू. एसएमसी तुटतं ते मात्र बरंच सावकाश, आणि त्यातून निघतं सक्सिनिक ॲसिड आणि परत कोलीन. हे दोन्ही आपल्या प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून आहेत, सक्सिनिक ॲसिड तर पेशींच्या रोजच्या ऊर्जाचक्रातलंच, त्यामुळे ते सापडून काहीच सिद्ध होत नाही. म्हणजे शोधायला हातात उरतात दोनच गोष्टी, मूळ औषध जे मिनिटांत जातं, आणि एसएमसी जे काही तास टिकतं पण ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

जाता जाता एक गंमत. हे औषध १९०६ सालीच हंट आणि तावो यांनी जनावरांना देऊन बघितलं होतं, पण जनावरांना आधीच क्युरारे देऊन ठेवलेलं, त्यामुळे स्नायू आधीच निपचित, आणि ह्याचा खरा गुण कोणाला दिसलाच नाही. तो कळायला १९४९ उजाडलं, बोव्हे यांच्या कामामुळे. चुकीच्या सॅम्पलमध्ये बघितलं तर समोर असलेलं पण दिसत नाही, याची खोड या औषधाला पहिल्यापासून आहे असं मी पोरांना सांगते.

आता ट्यूब. बऱ्याच जणांना वाटतं की ईडीटीए किंवा हेपरिनची ट्यूब वापरली म्हणजे झालं. नाही हो. ती रक्त गोठू देत नाहीत एवढंच, हे एन्झाइम त्यांना जुमानत नाही, ते ट्यूबमध्येही आरामात कापत बसतं. तुम्ही ट्यूब उचलून सेंट्रिफ्यूजपर्यंत चालत जाता ना, तेवढ्यात सुद्धा. त्यामुळे एन्झाइमला थांबवणारं काहीतरी, म्हणजे इनहिबिटर, ट्यूबमध्ये आधीपासून हवं, रक्त काढल्यावर टाकू म्हणालात तर उशीर झालाच. पर्याय असे, की राखाडी टोपीच्या ट्यूबमध्ये सोडियम फ्लोराइड असतं, त्याने एन्झाइम मंदावतं, आणि काहीच नसेल तर तीच घ्यावी, पण एकट्या फ्लोराइडवर मी तरी विसंबणार नाही. फायसोस्टिग्मीन किंवा निओस्टिग्मीन जास्त भरवशाचं. पॅराऑक्सॉन सगळ्यात पक्कं, संशोधनात तेच वापरलेलं दिसेल, पण ते ऑर्गॅनोफॉस्फेट विष आहे, उगाच वॉर्डमध्ये ट्यूब वाटत फिरायची वस्तू नाही ती, लॅबमध्ये फ्यूम हूडखाली, हातमोजे घालून, ज्याला कळतं त्यानेच हाताळायची.

किती टाकायचं हे कोणाच्या तरी कागदावरून उचलू नका, स्वतः करून बघा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. औषध न घेतलेल्या माणसाचं ताजं प्लाझ्मा घ्या, ३७ अंशाला ठेवा, त्यात सक्सिनिलकोलीन मोजून टाका आणि घड्याळ लावा. मग शून्य, एक, दोन, पाच, दहा, तीस मिनिटांना थोडं थोडं काढून बर्फासारख्या थंड, फॉर्मिक ॲसिड घातलेल्या ॲसिटोनायट्राइलमध्ये सोडा, तिथे प्रोटीन साकळतं आणि एन्झाइम तिथल्या तिथे मरतं. मग हेच सगळं इनहिबिटर घातलेल्या प्लाझ्मात. पहिल्या ग्राफमध्ये मूळ औषधाची रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली येते आणि एसएमसीची तेवढीच वर चढते, आणि दुसऱ्यात रेघ आडवी राहायला हवी. आडवी नाही राहिली तर इनहिबिटर वाढवा. एकदा हा ग्राफ डोळ्यांनी बघितला की नंतर कोणाला ट्यूबचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही, आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला लावते.

एक चूक मात्र आमच्या हातून झालेली, ती सांगते. पेशंटचं रक्त आलं, आम्ही शहाणपणाने सगळ्या ट्यूबमध्ये इनहिबिटर घालायला लावलेलं, आणि दोन दिवसांनी ॲनेस्थेशियाच्या डॉक्टरांनी विचारलं की याच रक्तात कोलिनेस्टरेजची पातळी आणि डायब्युकेन नंबर मिळेल का? कसा मिळणार, एन्झाइमला तर आम्हीच झोपवलेलं. तेव्हापासून नियम केला, एक ट्यूब इनहिबिटरवाली आणि एक बिनइनहिबिटरची, दोन्हीवर ठळक लिहून. ही दुसरी ट्यूब बिनकामाची समजू नका. काही लोकांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच वेगळ्या घडणीचं असतं आणि त्यांच्यात औषध मिनिटांऐवजी तासन् तास काम करतं. डायब्युकेन नंबर म्हणजे डायब्युकेन नावाचं औषध हे एन्झाइम किती टक्के दाबतं तो आकडा, ही कॅलो या शास्त्रज्ञाची १९५७ सालची युक्ती, नेहमीच्या माणसात तो ८० च्या आसपास येतो, दोन्ही जीन बिघडलेल्यात २० च्या आसपास, एकच बिघडलेला असेल तर अधेमध्ये. कीटकनाशकाची विषबाधा झालेली असेल तरी एन्झाइम दबलेलं असतं. म्हणजे "इतक्या वेळाने औषध सापडलंच कसं" असा प्रश्न उद्या कोर्टात आला तर उत्तर याच दुसऱ्या ट्यूबमध्ये असतं.

रक्ताचं एवढं पुराण सांगितलं, पण मला एकच सॅम्पल निवडायला सांगितलं तर मी लघवी घेईन. औषधाचा थोडासा भाग न तुटता किडनीतून निसटतो, आणि एकदा मूत्राशयात पोचला की तिथे हे एन्झाइम जवळपास नसतंच, त्यामुळे रक्तातून औषध केव्हाच गेलं तरी तिथे ते पडून राहू शकतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचे हिशोब सांभाळणाऱ्या कंट्रोलर कॅथी ऑगस्टीन यांच्या मृत्यूच्या केसमध्ये एफबीआयच्या लॅबला सक्सिनिलकोलीन मिळालं ते लघवीतच, आणि २००७ मध्ये त्यांच्या नवऱ्याला, जो नर्स होता, शिक्षा झाली. म्हणून इमर्जन्सीत भरती झाल्या झाल्या कॅथेटरमधून निघालेली पहिली लघवी फेकू नका, ती सोन्यासारखी असते, आणि नेमकी तीच बेसिनमध्ये जाते. लघवीला एकच धोका, अल्कलाइन झाली की एस्टर आपोआप तुटतं, एन्झाइमशिवाय. इन्फेक्शन असलेली, उबेत तासन् तास राहिलेली लघवी अशीच होते. पीएच बघा, थोडं ॲसिड घालून चारच्या आसपास आणा, आणि फ्रीझ करा. इंजेक्शनची बाटली पण कंपनी अशीच ॲसिडिक ठेवते, फ्रिजमध्ये, उगाच नाही.

प्लाझ्मा वेगळा केला की तोही लगेच फ्रीझ, उणे ८० असेल तर उत्तम, नसेल तर उणे २०. आणि गोठवणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच वितळवणं. सॅम्पल टेबलावर ठेवून चहाला जाऊन आलात तर एन्झाइम पण जागं होऊन कामाला लागलेलं असतं. बर्फावर वितळवा, आणि पुरतं वितळायच्या आधीच थंड ॲसिडवालं ॲसिटोनायट्राइल ओता.

पोस्टमॉर्टेमचं सॅम्पल असेल तर अजून जपून. माणूस गेला तरी एन्झाइम लगेच जात नाही, रक्तात ते काम करतच राहतं. तिथेही लघवी पहिली, मग रक्त इनहिबिटरवाल्या ट्यूबमध्ये, किडनी, लिव्हर. आणि सुई टोचल्याची खूण दिसत असेल तर ती जागा कातडी, चरबी, स्नायूसकट कापून घ्या, कारण टोचलेल्या जागी औषध बाकी अंगापेक्षा दाट असू शकतं, आणि सोबत दुसऱ्या बाजूचा तसाच तुकडा तुलनेसाठी घ्यायला विसरू नका. तो दुसरा तुकडा नसेल तर पहिल्याची किंमत अर्ध्यावर येते. फॉर्मेलिनमध्ये काही टाकू नका.

आता बेंचवरचं काम. या रेणूवर दोन ठिकाणी कायमचा पॉझिटिव्ह चार्ज आहे, पीएच काहीही करा तो जात नाही, त्यामुळे नेहमीची सॉल्व्हंटने ओढून काढायची पद्धत इथे चालत नाही, औषध पाण्याच्याच थरात बसून राहतं. तुमची नेहमीची स्क्रीनिंग टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून औषध नव्हतं असं समजू नका, तिथे ते एक्स्ट्रॅक्टच झालेलं नसतं. पूर्वी आयन-पेअर करून ओढायचे आणि मग सोडियम बेंझिनथायोलेटने एक मिथाइल गट काढून टाकून जीसी-एमएसवर (गॅस क्रोमॅटोग्राफी जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) बघायचे, स्वीडनच्या होल्मस्टेट यांच्या गटाचं १९८३ चं काम आहे ते. आज ती कटकट करायची गरज नाही. सॉलिड फेज कार्ट्रिज घ्यायची तर वीक कॅटायन एक्स्चेंजची घ्या, स्ट्रॉंगची नको. साधा हिशोब आहे, औषधाचा चार्ज आपल्याला घालवता येत नाही, मग कार्ट्रिजचा तरी घालवता आला पाहिजे, नाहीतर औषध तिथे जे चिकटेल ते सुटणारच नाही. वीक कार्ट्रिजवर कार्बोक्सिल गट असतात, न्यूट्रलच्या किंचित खाली लोड केलं की ते चार्ज धरतात आणि औषध पकडतात, पाण्याने आणि मग मेथॅनॉलने धुवायचं, आणि शेवटी फॉर्मिक ॲसिडवालं ॲसिटोनायट्राइल सोडलं की कार्ट्रिजचा चार्ज जातो आणि औषध खाली उतरतं. शेवटच्या पायरीला काही जण ॲसिड घातलेलं मेथॅनॉल वापरतात, पण एस्टरला आम्लाच्या मेथॅनॉलमध्ये ठेवून वर गरम करून सुकवणं मला पटत नाही. सुकवतानाही नायट्रोजन आणि कमी उष्णता, घाई नको.

आणि काचेच्या वायल नकोत. हे असले कायम चार्ज असलेले रेणू काचेला चिकटतात. कमी कॉन्सन्ट्रेशनला कॅलिब्रेशनची रेघ खालच्या टोकाला वाकडी येत होती, आम्ही आठवडाभर पंप, कॉलम, सगळं तपासलं, आणि शेवटी निघालं काय तर वायल. पॉलिप्रॉपिलीनच्या घेतल्या आणि रेघ सरळ. स्टँडर्डचं स्टॉक सोल्यूशनही प्लास्टिकमध्ये, ॲसिडिक पाण्यात, फ्रीझरमध्ये, आणि दर वेळी त्यात एसएमसी किती वाढलंय ते बघायचं, कारण बाटलीतही ते हळूहळू तुटतच असतं.

रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमसाठी हिलिक वापरा, म्हणजे पाण्याला ओढ असलेले रेणू धरून ठेवणारा. नेहमीच्या, तेलकट रेणू धरणाऱ्या सी-१८ कॉलमवर हे सगळ्यात आधी मिठाबरोबरच निघून जातं. हेप्टाफ्लुरोब्युटिरिक ॲसिड घालून सी-१८ वर थांबवता येतं, पण ते ॲसिड मशीनमध्ये इतकं मुरतं की पुढच्या माणसाची शिवी ठरलेली, वेगळं मशीन असेल तरच त्या वाटेला जा. हिलिकवर अमोनियम फॉर्मेट आणि फॉर्मिक ॲसिड, आणि इंजेक्ट करायचं सॅम्पल ॲसिटोनायट्राइल जास्त असलेलं, पाणी जास्त झालं तर पीक फाटतं. निओस्टिग्मीन ट्यूबमध्ये टाकलं असेल तर तोही चार्जवाला रेणू आहे, मास स्पेक्ट्रोमीटरवर २२३ ला दिसतो, तो औषधाच्या सोबत बाहेर पडत नाही ना ते बघून घ्या, नाहीतर सिग्नल दाबला जाईल.

आता मास स्पेक्ट्रोमीटर, आणि इथे एक सापळा आहे तो नीट समजून घ्या. सक्सिनिलकोलीनचं वजन २९०, पण चार्ज दोन, म्हणून ते दिसतं १४५.१ ला. एसएमसी एकाच चार्जचं, २०४.१ ला. आणि एसएमसी तुटताना त्यातून ट्रायमेथिलॲमीन म्हणजे ५९ निघून जातं आणि उरतं १४५! म्हणजे मशीनच्या सोर्समध्येच एसएमसी थोडं तुटलं तर ते मूळ औषधाच्याच आकड्यावर येऊन बसतं, आणि नुसता १४५ बघणारा माणूस खुशाल लिहून मोकळा होतो की मूळ औषध सापडलं. यातून सुटायचे मार्ग तीन. पहिला, कॉलमवर दोघांना वेगळं करा, रिटेन्शन टाइम, म्हणजे कॉलममधून बाहेर पडायची वेळ, स्टँडर्डशी जुळला पाहिजे. दुसरा, आयसोटोपचं पीक बघा, दोन चार्जच्या रेणूत ते अर्ध्या अंतरावर येतं, १४५.६ ला, आणि एका चार्जच्या तुकड्यात पूर्ण एक अंतरावर, १४६ ला. स्कॅन झूम करून बघितलं की लगेच दिसतं, मला तर हे अर्ध्यावरचं पीक बघायला अजूनही मजा येते. तिसरा, हाय रिझोल्यूशन मशीन असेल तर औषध १४५.११० ला आणि तो तुकडा १४५.०५० ला, सरळ वेगळे. ट्रान्झिशन, म्हणजे मूळ आयन आणि त्याचा तुकडा यांची जोडी, घेताना औषधासाठी १४५.१ वरून ११५.६ घ्या, हे पण दोन चार्जचंच, ट्रायमेथिलॲमीन गेलेलं, आणि सोबत दुसरी एक ट्रान्झिशन घ्याच, दोघींचं प्रमाण स्टँडर्डशी जुळलं पाहिजे. एसएमसीसाठी २०४.१ वरून १४५.

इंटरनल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी आपणच मोजून टाकलेला रेणू, ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनवालं) घ्या, सक्सिनिलकोलीन डी-१८, म्हणजे १८ हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं, ते १५४.२ ला दिसतं. आणि हे मशीनला लावायच्या आधी नाही, सॅम्पल हातात आल्या क्षणी टाका, जमलं तर रक्त काढायच्या ट्यूबमध्येच. का ते सांगते. डी-१८ तुटलं तर त्यातून एसएमसी डी-९ तयार होतं, २१३.२ ला. शरीरात असं काही नसतं, त्यामुळे २१३ ला पीक दिसलं म्हणजे आपण डी-१८ टाकल्यानंतर, आपल्या ताब्यात असताना औषध तुटलंय, आणि किती तुटलंय तेही त्यावरून कळतं. घरभेद्या पोलिसांना टीप देतो तसं आहे हे. फक्त एसएमसीसाठी वेगळं इंटरनल स्टँडर्ड घेताना ते डी-३ चं घ्या, डी-९ घेतलंत तर ही सगळी युक्ती पाण्यात.

प्रत्येक रनमध्ये ब्लँक ठेवा, आणि ब्लँक म्हणजे नुसतं पाणी नाही, औषध न मिळालेल्या माणसाचं तसंच सॅम्पल, मृताचं असेल तर मृताचंच, जवळपास तेवढ्याच दिवसांचं. जास्त कॉन्सन्ट्रेशननंतर रिकामं इंजेक्शन मारा, कॅरीओव्हर, म्हणजे आधीच्या सॅम्पलचा मशीनमध्ये उरलेला अंश बघायला.

हा ब्लँकचा आग्रह का, तर एसएमसीमुळे. फ्लोरिडातले मेडिकल एक्झामिनर, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणारे सरकारी डॉक्टर, विल्यम सायबर्स यांच्या बायकोचा मृत्यू १९९१ चा, तपासणीत टिश्यूमध्ये एसएमसी सापडलं म्हणून २००१ मध्ये ते तिच्या खुनासाठी दोषी ठरले, आणि २००३ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल रद्द केला, कारण त्या तपासणीला शास्त्रज्ञांमध्ये पुरेशी मान्यताच नव्हती. पुढे त्यांनी मनुष्यवधाचा गुन्हा कबूल करून प्रकरण मिटवलं, तो भाग वेगळा. पण त्याच सुमारास एफबीआयच्या लॅबमधून छापून आलं की ज्यांना हे औषध कधी दिलंच नव्हतं अशा मृतांच्या टिश्यूतही एसएमसी दिसतं. त्याच्याही आधी, १९६७ ला त्याच फ्लोरिडात कोपोलिनो नावाच्या ॲनेस्थेशियाच्या डॉक्टरला बायकोच्या खुनासाठी शिक्षा झाली तेव्हा तर सगळा वाद सक्सिनिक ॲसिडवर होता, जे प्रत्येकात असतं.

म्हणून माझा हिशोब असा. मूळ औषध, योग्य ट्यूबमध्ये, दोन ट्रान्झिशनने, अर्ध्यावरच्या आयसोटोपसकट सापडलं तर औषध शरीरात गेलं होतं असं मी लिहीन. एसएमसी जिवंत माणसाच्या, वेळेत घेतलेल्या, नीट ठेवलेल्या रक्तात किंवा लघवीत सापडलं तर "औषध दिल्याशी सुसंगत" एवढंच. कुजलेल्या सॅम्पलमध्ये नुसतं एसएमसी असेल तर त्यावर मी सही करणार नाही, मग समोरून कितीही फोन येऊ देत.

आणि सही करायच्या आधी हॉस्पिटलचे कागद मागवा. इमर्जन्सीत श्वासनळीत ट्यूब घालताना हेच औषध अगदी कायदेशीरपणे दिलं जातं, घाईत कधी कधी चार्टवर लिहायचं राहूनही जातं. आमच्याकडे एकदा लघवीत चक्क स्वच्छ पीक आलं, सगळे कान टवकारून बसले, आणि तिसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्सच्या कागदावर ओळ सापडली, "स्कोलीन १०० एमजी आयव्ही". लघवी त्यानंतर चाळीस मिनिटांनी घेतलेली. म्हणून आता सॅम्पल घेतानाच फॉर्मवर तीन गोष्टींच्या वेळा लिहून घेतो, त्रास कधी सुरू झाला, इंट्युबेशन कधी आणि कशाने केलं, सॅम्पल कधी काढलं.

निगेटिव्ह आलं तर नुसतं "निगेटिव्ह" लिहू नका. मी लिहिते की "अमुक वेळेला, इनहिबिटर असलेल्या किंवा नसलेल्या ट्यूबमध्ये घेतलेल्या या सॅम्पलमध्ये इतक्या नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर सक्सिनिलकोलीन आढळलं नाही, हे औषध शरीरात आणि सॅम्पलमध्येही लवकर नष्ट होत असल्याने ते दिलं नव्हतं असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही". वाक्य लांबलचक आहे, वकील वैतागतात, पण त्यातला एक शब्द कमी करायची माझी तयारी नाही. आणि उरलेलं सॅम्पल दोन वेगळ्या प्लास्टिक वायलमध्ये भागून परत उणे ८० ला, म्हणजे दुसऱ्या लॅबने मागितलं तर एक वायल न वितळवता तशीच ड्राय आइसमध्ये देता येते.